डाव्या माळेचं वजन

दोन माळा, सारखेच स्पीकर, सारखाच झुकाव, आणि तरीही डाव्या माळेची मागची मोटर उजव्या माळेच्या मागच्या मोटरीपेक्षा जास्त ओझं वाहत होती. संघमित्राने हातातला स्क्रीन ओढणीने पुसून पुन्हा पाहिला. आकड्याने काही मनावर घेतलं नाही.

नेरूळच्या मैदानावर त्या संध्याकाळी गाण्यांचा मोठा कार्यक्रम होता. रंगमंचाच्या दोन्ही अंगांना लोखंडी कमानी, आणि प्रत्येक कमानीला एकाखाली एक जोडलेले काळे स्पीकर टांगलेले. इंग्रजीत त्याला लाइन अ‍ॅरे म्हणतात, पण सामान चढवणारे पोपटकाका सरळ माळ म्हणत, आणि तेच सगळ्यांच्या तोंडी बसलं होतं. सगळी माळ एका फ्रेमला लटकते. फ्रेमला पुढे एक मोटर, मागे एक मोटर, आणि दोन्हींच्या हुकाला वजनकाटा. ही टांगणी पक्की आहे, आता लोकांना आत सोडा, हे शेवटी एकच माणूस म्हणतो. आज पहिल्यांदाच ते म्हणायचं काम संघमित्राकडे आलं होतं.

"काटा बोंबलला असेल," दिनानाथ म्हणाला. कंपनी त्याची, सामान त्याचं, आणि टेन्शनही त्याचंच. "मर्यादेच्या आत आहे ना?"

"आत आहे सर."

"मग?"

"का, ते कळत नाहीये."

"अगं, का ते कळायला आयुष्य पडलंय! गेट उघडायचंय मला. बाहेर पब्लिक बघ."

बाहेर खरंच रांग लागली होती. आणि गेटच्या आत, कठड्यापाशी, एकच बाई आधीच येऊन उभी होती. वेणूबाई, संघमित्राची आई. लेकीने पुढच्या रांगेतला पास दिला म्हणून हातातली कामं टाकून आली होती, आणि पहारेकऱ्याला "माझी पोरगी हाय आत" एवढं सांगून सरळ शिरली होती. तिची खुर्ची नेमकी डाव्या माळेच्या जवळ होती.

संघमित्राला एखादी गोष्ट कळली नाही की तिच्या अंगाला खाज सुटायची. शाळेत असताना मिक्सर गरम का होतो हे पाहायला तिने तो उघडला होता, आणि मग कितीतरी दिवस घरात पाट्यावर वाटलेली चटणी खावी लागली होती. तीच खाज आता सुटली होती, आणि खरं सांगायचं तर तिला त्यात मजाही येत होती.

जाड केबल मागून लोंबत असेल का? ती मागे जाऊन मान वर करून उभी राहिली. केबल कमानीला व्यवस्थित बांधलेली होती, उजवीसारखीच. वारा? वारा दोन्हीकडे तोच. मग तिला एक साधी गोष्ट सुचली आणि तिने डाव्या माळेच्या दोन्ही काट्यांची बेरीज केली, उजवीच्याही. बेरीज सारखी आली! म्हणजे वर फालतू वजन काहीच नव्हतं. काटेही शहाणे होते. तेवढंच ओझं दोन मोटरींनी वेगळं वाटून घेतलं होतं, बस्स.

असं कधी होतं? दोघांनी कपाट उचललं आणि मागच्याने कडेला न धरता जरा मध्ये हात घातला, की त्याच्या वाट्याला जास्त येतं. म्हणजे मागच्या मोटरीने फ्रेमला धरलंय ते जरा पुढे धरलंय. फ्रेमला भोकांची ओळच असते आणि मोटरीचा हुक अडकवायला कुठल्या भोकात पिन घालायची ते आधी ठरलेलं असतं.

"पोपटकाका, डावीकडची मागची पिन कुठल्या भोकात घातली?"

पोपटकाका करावे गावचे, आगरी. लोखंड उचलण्यात जन्म गेलेला. पिन घातली की ती उलटी ओढून बघायची, आली नाही तरच बसली म्हणायचं, हे त्यांनीच संघमित्राला शिकवलेलं. आज उजवीकडच्या सगळ्या पिना तिने स्वतः ओढून पाहिल्या होत्या. डावीकडे पुढच्या ओढल्या, आणि मागून काकांचा आवाज आला, "झाला गो बाय!" काकांवर कसला अविश्वास दाखवायचा, म्हणून ती पुढे गेली होती.

"बसली हाय ना," काका म्हणाले आणि उगाच दोरखंड गुंडाळू लागले.

ती बसली का, असं तिने विचारलंच नव्हतं.

"सर, माळ खाली घेते."

दिनानाथने कपाळाला हात लावला. "संघमित्रा, नीट ऐक. खाली घेतलीस आणि काही निघालं नाही, तर पुढच्या वेळी या कामावर तुझ्याऐवजी मी कुलदीपला पाठवीन. रागाने नाही सांगत. गेट उशिरा उघडलं तर उद्या मला काम कोण देणार?"

तो खोटं बोलत नव्हता. तिने एकदा रांगेकडे पाहिलं, एकदा त्या रिकाम्या खुर्चीकडे. हे काम तिला हवं होतं, फार हवं होतं. पण वर काय आहे ते न कळता आईला त्याच्याजवळ बसवायचं हे तिला जमणार नव्हतं.

"पाठवा कुलदीपला," ती म्हणाली. "सगळे लांब व्हा. आई, तूपण. अजून मागे."

मोटरी घुं घुं करू लागल्या. माळ इंचाइंचाने उतरली आणि स्पीकर एकेक करून गाड्यावर टेकले. फ्रेम छातीपर्यंत आली तशी संघमित्रा मागच्या बाजूला गेली. पिन ठरलेल्या भोकाऐवजी एक भोक पुढे होती. आणि रिकाम्या भोकातून एक पांढरा दोरा ओवलेला होता, चांगल्या जाड गाठीचा.

ती गाठ पिनेच्या डोक्याखाली अडकली होती. त्यामुळे पिन पूर्ण आत गेलीच नव्हती. पलीकडच्या बाजूला तिच्या टोकाच्या दोन गोळ्या बाहेर येऊन कुलूप बसायला हवं, त्या अजून आतच होत्या. एवढा वेळ पिन नुसत्या ओझ्याने आवळून राहिली होती. संघमित्राने ओझं सैल करून दोन बोटांनी ओढली आणि पिन बाहेर आली. पिन निसटलीच तर माळ अडवायला वर जादाची तार असते, पण त्या तारेवर झटका यायच्या आधी खाली काय होतं हे दिनानाथलाही ठाऊक होतं. तो स्वतःच गेटवर गेला आणि लोकांना थांबवून आला.

"दोरा कोणाचा, काका?"

काकांचा चेहरा पडला. "तुजे आयशीचा. दसऱ्याला गोडाऊनमदी आली व्हती ना डबा घेऊन. बोलली, जिथं सगल्या वजनाचा जोर येतो तिथं बांध. बांधला. आज बगतो तं त्याच भोकात पिन घालाची. देवाचा दोरा तोडू कसा? म्हनून बाजूला घातली. मंग वडून बगाला गेलो आसतो तं तुटला आसता."

संघमित्राने दोरा ओळखला. विहारात परित्राणपाठ झाल्यावर मनगटाला बांधतात तो. तिचा राग एकदम उसळला आणि ती तरातरा कठड्यापाशी गेली.

"आई, लोखंडाला कशाला बांधायला लावलास? माझ्या हाताला बांधायचास ना!"

"तुझ्या हाताला?" वेणूबाई म्हणाली. "दर सालाला बांधते की. वर चढायचं म्हनून तू काढून खिशात ठिवतीस. हातात काही घालायचं न्हाई म्हनं तुमच्यात. धुताना तुझ्या पँटीतून दोरे निघतेत माझ्या हातात." ती जरा थांबली. "मला काय कळतंय तुझ्या कामातलं? तू त्याच्या खाली उभी राहतीस एवढंच कळतं. म्हनलं, तुला न्हाई तर त्याला तरी बांधावं."

संघमित्राचा राग कुठल्या कुठे गेला. एवढी चौकस पोरगी, कुठलं यंत्र उघडून बघायचं सोडलं नव्हतं, आणि खिशातले दोरे कोणाच्या हातात जातात हे तिच्या कधी डोक्यातच आलं नव्हतं. तिला फार लाज वाटली.

पोपटकाकांनी गाठ न तोडता, नखांनी सोडवून दोरा तिच्या हातावर ठेवला. तिने तो आईकडे दिला आणि आईचाच हात धरून तिला कठड्याच्या आत आणलं. आईच्या डोक्यावर स्वतःचं हेल्मेट घातलं.

पिन ठरलेल्या भोकात घातली. टक्‌ असा आवाज आला.

"आता ओढ," संघमित्रा म्हणाली.

"मी?"

"तू. जोरात. ओढून आली नाही तर बसली. एवढंच कळायला लागतं."

वेणूबाईने दोरा कनवटीला खोचला, पिनेची कडी दोन्ही हातांनी धरली, आणि विहिरीतून भरली घागर ओढावी तशी अंगाचा भार देऊन ओढली. पिन हलली नाही. तिने पुन्हा ओढली. मग पदराने हात पुसून फ्रेमच्या पुढच्या बाजूला गेली आणि विचारलं, "आन् ह्या? ह्या कोनी बघितल्यात?"

"मी."

"तरी बघते," वेणूबाई म्हणाली, आणि एकेक पिन ओढत निघाली. गेटवरची रांग तेवढा वेळ थांबली.