हळद्याची गाठ

दुसऱ्या डॉक्टरने भरलेला दात तोंड उघडल्याबरोबर ओळखणाऱ्या माणसाला परक्याची गाठ ओळखता येणार नाही, असं कसं होईल? दंतवैद्याने ती पाहिली आणि त्याच्या मनात पाल चुकचुकली.

गाठ होती होडक्याच्या दोराला. दंतवैद्य आणि त्याची बायको ज्या शिडाच्या बोटीवर राहत होते, ती किनाऱ्यापासून जरा लांब नांगरावर उभी असे आणि धक्क्यावर जायला-यायला हे वल्ह्याचं होडकं. ‘डबडं’ हे त्याचं घरातलं नाव. डबडं बोटीच्या मागच्या कठड्याला बांधायचं काम दंतवैद्याचं. आदल्या संध्याकाळी त्याने नेहमीची गाठ मारली होती. सकाळी चहाचा पेला घेऊन तो मागे आला, तर कठड्यावर भलतंच काही. दोर दोनदा गुंडाळलेला, शेपूट मागून आत घेतलेलं आणि वर आणखी एक फास. गाठ घट्ट होती आणि देखणीही होती. देखणी होती हेच त्याला जास्त झोंबलं.

कारण अशी गाठ त्याने आधी पाहिली होती, हळद्याच्या बोटीवर.

हळद्याची बोट हळदीसारखी पिवळी, म्हणून नवरा-बायकोनेच त्याला हे नाव ठेवलं होतं. गडी एकटाच. वारा सगळ्यांना सारखाच असतो, त्यामुळे एका बेटावरून निघालेल्या बोटी पुढच्या बेटावर पुन्हा भेटतात, हे दंतवैद्यालाही कळत होतं. पण कुठेही नांगर टाकावा तर हा आपला आधीच दत्त म्हणून उभा! बरं, माणसात काही खोट काढावी तर तीही सोय नाही. तो खदखदून हसे तेव्हा दंतवैद्य सवयीने त्याच्या तोंडात डोकावून घेई. बत्तीसच्या बत्तीस दात, एकाला कीड नाही, कुठे फट नाही. असल्या माणसाचं कधी भलं चिंतावं का कुणी!

आणि बायको हसत होती. उभा जन्म ती दवाखान्यात बाहेरच्या टेबलाशी बसली, सुजलेल्या गालांना नंबर देत. तिथे हसायची सोय नव्हती आणि घरी आल्यावर त्राण नसे. आता हळद्याने नुसतं “आज वारा पडला बघा” म्हटलं तरी तिला हसू फुटायचं. वारा पडण्यात एवढं हसण्यासारखं काय असतं, ते दंतवैद्याला काडीइतकंही कळेना.

त्यातच ती अंगठ्याची भानगड. तिने उजव्या अंगठ्याला चिंधी बांधली होती, तीही कशी, तर अंगठा तळव्याशी आवळून.

“काय लागलं?”

“काही नाही हो, खरचटलंय.”

“बघू दे.”

“दाताला लागलं असतं तर दाखवलं असतं,” ती म्हणाली आणि भाजी चिरायला आत गेली.

दुसऱ्या दिवशी चिंधी नव्हती आणि खरचटल्याची खूणही नव्हती. तिसऱ्या दिवशी चिंधी परत. दंतवैद्याने तिला पुन्हा विचारलं नाही. अंगठ्यांविषयी बोलणं त्यालाच नको होतं.

कारण त्याचा स्वतःचा उजवा अंगठा कामातून चालला होता. ज्या अंगठ्याने त्याने गावभरच्या दाढा उपटल्या, त्याला आता बरणीचं झाकण फिरत नव्हतं. “हे तू उघड, मी शीड बघतो,” म्हणून तो झाकणं टाळायचा. टाळणारच. निघताना दोघांचं ठरलं होतं की ज्याचं अंग आधी कुरकुरेल त्याने तसं सांगायचं आणि बोट विकून मुकाट्याने घरी परतायचं. ही अट त्यानेच घातली होती. तेव्हा त्याला खात्री होती की आधी तिचे गुडघे बोलतील. आता अंगठा कळला की बोट गेली. म्हणून दर संध्याकाळी तो दात-ओठ खाऊन गाठ आवळायचा आणि वर शीळ घालायचा.

पुढच्या बेटावर त्याने पाहू नये ते पाहिलं. तो बाजारातून कांदे-बटाटे घेऊन आला, तर धक्क्याच्या पायरीवर बायको आणि हळद्या शेजारी शेजारी. दोघांच्या मांडीवरून एकच दोर गेलेला आणि तिचा उजवा हात त्याच्या हातात. दंतवैद्याची तळपायाची आग मस्तकात गेली. तो खोकला. दोघं दचकलीसुद्धा नाहीत!

“या डॉक्टर,” हळद्या सगळे दात दाखवत म्हणाला. “वहिनी फार लवकर शिकतात हो.”

वहिनी म्हणे! वहिनी म्हणणारे त्याने पुष्कळ पाहिले होते.

“गाठी शिकतेय,” बायको म्हणाली.

“माझ्या गाठींना काय झालं?”

बटाट्यांची पिशवी तिने त्याच्या डाव्या हातातून घेतली. म्हणजे आपली बोट, आपली बायको, आणि तिच्या बोटांत त्या माणसाची गाठ. पुढच्या सबंध प्रवासात दंतवैद्य तिच्याशी कामापुरतं बोलला. जेवताना मीठ हवं असलं तरी त्याने मागितलं नाही, उठून घेतलं.

नंतरच्या बेटावर पाणी भरायला दोघं डबड्यातून धक्क्याला लागली. दंतवैद्याने दोर लोखंडी कडीत ओवला आणि गाठ मारली. बायको सवयीने वाकली, दोराला हात लावायला.

“राहू दे,” तो गुरगुरला. “अजून माझी गाठ चालते या घरात.”

तिने कॅन उचलले.

नळावर रांग होती. भरलेले कॅन घेऊन दोघं परत आली, तेव्हा कडी जागेवर होती, पण दोर नव्हता. डबडं धक्का सोडून खुल्या पाण्याकडे निघालं होतं, माना डोलावत, माहेरी निघाल्यासारखं. आणि त्याच्यामागे कोण, तर हळद्या! त्याने आपल्या होडक्यातून वल्ही मारत डबडं गाठलं, ओढत आणलं आणि खाली बसून कडीला बांधलं, दोनदा गुंडाळून, शेपूट मागून आत. ज्याचं तोंड बघू नये त्याचेच उपकार घ्यायची वेळ आली.

“अंगठा अजून बरा नाही वाटतं, डॉक्टर?” तो अगदी मायेने म्हणाला. “मग वहिनींना बांधू द्यायचं. त्यात लाजायचं काय?”

एवढं बोलून तो गेला. दंतवैद्याला ती माया थोबाडीत बसल्यासारखी लागली. बोटीच्या केबिनमध्ये शिरल्यावर त्याचा बांध फुटला.

“तू त्याला सांगितलंस.”

“हो.”

“माझा अंगठा! मला एका शब्दाने विचारलं नाहीस आणि त्या पिवळ्याला सांगितलंस?”

“आणि तुम्ही मला कधी सांगितलंत?” तिने कॅन आदळला. “झाकणं माझ्याकडे सरकवता. पिशव्या डाव्या हातात. अहो, माणूस दारातून कसा आत येतो त्यावरून कुठली दाढ दुखतेय ते ओळखायचे मी. घरच्या माणसाचा अंगठा मला कळणार नाही? तुमची गाठ रोज सैल पडायची, तुम्ही झोपलात की मी ती पुन्हा बांधायचे.”

“मग बोलली का नाहीस?”

“बोलले असते तर बोट विकायला लागली असती. तुमचीच अट.” तिचा आवाज चिरकला. “मला नाही जायचं परत. आत्ता कुठे हसायला लागलेय मी.”

“त्याच्याबरोबर.”

“तुम्ही तोंड पाडून बसता, मग कोणाबरोबर हसू?”

हे खरं होतं, म्हणून फारच लागलं. पण दंतवैद्याच्या डोळ्यांपुढून ती पायरी जाईना. “हात धरला होता त्याने तुझा,” तो म्हणाला.

“धरला होता. हात धरल्याशिवाय कुणाला गाठ शिकवता येते का?”

तिने खिशातून चिंधी काढली, आपला उजवा अंगठा तळव्याशी घेतला आणि दातांनी ओढून आवळून बांधला. मग टेबलाच्या पायाला दोर घेतला. चार बोटांनी दोनदा गुंडाळला, शेपूट मागून आत सारलं, वर फास टाकला आणि ओढला. टेबल हललं, गाठ हलली नाही.

“मी त्याला एवढंच विचारलं होतं, अंगठ्याशिवाय बांधता येईल अशी एखादी गाठ आहे का. तो म्हणाला, आहे. पण मलाच जमली नसती तर तुम्हाला काय कपाळ शिकवणार होते? आणि त्याच्याकडून तर तुम्ही मेलात तरी शिकला नसतात.”

दंतवैद्य त्या चिंधीकडे बघत राहिला. खरचटल्याशिवाय बांधलेली, इतक्या दिवसांची. त्याला मनातून लाज वाटली आणि हळद्याचा रागही आला, दोन्ही एकदमच.

“कुठला हात धरला होता त्याने?” त्याने विचारलं.

“उजवा. का?”

त्याने आपला उजवा हात पुढे केला. “हा धर मग.”

तिने स्वतःची चिंधी सोडली आणि त्याचा अंगठा हळूच तळव्यात मिटून बांधला. त्याला दुखलं, आणि या खेपेस तो “आई गं” म्हणाला, चांगलं मोठ्याने. ती दोर घेऊन त्याच्या शेजारी बसणार, एवढ्यात तो उठून उभा राहिला.

“इथे नको. बाहेर बसू,” दंतवैद्य म्हणाला. “हळद्याला दिसेल असं.”