अकरा माणसांचं घर

सन सदुसष्टमध्ये मध्य प्रदेशातल्या बालाघाटच्या एका कॉलेजात समाजशास्त्र हा विषय नव्यानं सुरू झाला आणि तो शिकवायला माझी, म्हणजे मधुकर वझलवारची, नेमणूक झाली. विभागप्रमुख मीच आणि विभागही मीच. कचेरीत हेडक्लार्क असलेल्या माझ्या वडिलांची समजूत होती की मी समाजसेवा शिकवतो. शेजारच्यांना वाटे समाजवाद. मी कुणालाच दुरुस्त करत नसे, कारण दोन्ही समजुतींत थोडा मान होता.

वर्गात मात्र मी रंगायचो. फ्रान्समधल्या ऑगस्ट कॉम्तनं या शास्त्राला नाव दिलं, समाजाचेही नियम असतात आणि ते शोधता येतात असं सांगितलं, हे मी असं काही सांगे की जणू नाव ठेवताना पाळण्याची दोरी माझ्याच हातात होती. पुढे पुढे कॉम्तनं दुसऱ्यांचं लिखाण वाचणंच बंद केलं होतं, डोकं स्वच्छ राहावं म्हणून. हा भाग मला फार आवडे. मी त्याच्या एक पाऊल पुढे होतो. मी दुसऱ्यांचं ऐकणंही बंद केलं होतं.

कॉम्तनंतर दुर्खाइम. समाजातल्या गोष्टींकडे वस्तूंसारखं पाहा, आपल्या कल्पना मध्ये आणू नका, हे त्याचं म्हणणं मी फळ्यावर लिहून खाली दोन रेघा ओढत असे. अभ्यासक्रमात शेवटी मॅक्स वेबर होता. माणूस जे करतो त्याचा त्याच्या मनात अर्थ काय असतो, हे समजून घ्या, असं तो म्हणे. पण तिथवर पोचेपर्यंत परीक्षा येत.

त्या वर्षी जबलपूरला चर्चासत्र होतं. निबंध वाचायचा तर आधी पाहणी हवी. वर्गात ललिता नावाची एक हुशार मुलगी होती, किरनापूरजवळच्या एका बौद्ध वस्तीतली, बालाघाटात वसतिगृहात राहून शिकणारी. तिचे वडील पुनाराम वारासिवनीच्या राइस मिलमध्ये कामाला होते. तिच्याच वस्तीत जायचं ठरवलं. एकेचाळीस घरं. मी प्रश्नावली छापून घेतली, नवा शर्ट शिवला आणि ललिताला घेऊन बसनं निघालो.

पहिलंच घर तिचं. तिची आजी रुख्माबाई ओसरीवर बसून तांदूळ निवडत होती. मी नमस्कार केला, तिनं जयभीम म्हटलं. मी पेन उघडलं आणि विचारलं, "घरात माणसं किती?"

रुख्माबाईनं कागदाकडे पाहिलं, पेनाकडे पाहिलं. "अकरा," ती म्हणाली.

ललिता काहीतरी बोलू लागली. मी हात वर करून तिला थांबवलं. उत्तर देणाऱ्याच्या मध्ये बोलायचं नसतं, हे मीच शिकवलं होतं. पुढच्या घरी नऊ, त्याच्या पुढे बारा. संध्याकाळपर्यंत माझी छाती फुगली.

परतीच्या बसमध्ये ललिता हळूच म्हणाली, "सर, आमच्या घरी आमी पाचच जन आहो."

"आजी अकरा म्हणाल्या."

"हौ, पन…"

"ललिता, दिलेलं उत्तर ही वस्तू आहे. आपल्या कल्पना मध्ये आणायच्या नाहीत."

ती बिचारी खिडकीबाहेर बघू लागली. मी तिला दुर्खाइम समजावल्याच्या समाधानात किरनापूर ते बालाघाट डुलक्या काढल्या.

निबंध जोरदार झाला. महाराष्ट्राच्या सीमेवरच्या प्रदेशात एकत्र कुटुंब मोडलेलं नाही, उलट वाढतं आहे, असा माझा शोध होता. छोट्या लाइनच्या, म्हणजे नॅरोगेजच्या, गाडीनं दिवसभर हिसके खात मी जबलपूरला पोचलो आणि खणखणीत आवाजात तो वाचला. टाळ्याही पडल्या. मग सागर विद्यापीठातले एक वृद्ध प्राध्यापक उठले.

"घर कितने कमरों के हैं?" त्यांनी मायेनं विचारलं.

"दो कमरों के."

"तो ग्यारह लोग सोते कैसे हैं?"

मी नोंदी चाळल्या. हा प्रश्न प्रश्नावलीत नव्हता. सगळं सभागृह वाट बघत होतं, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "बारी-बारी से, सर."

तो हशा मला अजून ऐकू येतो. चहाच्या वेळी अनोळखी माणसं माझ्याजवळ येऊन विचारत होती, "आपकी बारी कब है?"

परत आल्यावर चार दिवस मी ताप आल्याचं सांगून घरी पडलो. बायको प्रमोदिनीनं थर्मामीटर लावून पाहिलं आणि ते झटकून परत डबीत ठेवलं. पाचव्या दिवशी मी पुन्हा बस धरली. या वेळी कागद नव्हता, पेनही नव्हतं.

रुख्माबाईनं बसायला बाज टाकली. मी सगळं सांगितलं, सभागृहातला हशासुद्धा. ती पदर तोंडावर धरून हसली.

"आमी तुले राशनवाला समजलो ना बाबू! कागद काढला, पेन काढला, आन पयलेच पुसलं का घरात किती जन. असं दुसरं कोन पुसते?"

"पण मी कॉलेजातून आलो म्हणून सांगितलं होतं."

"हौ. कॉलेज कोनाचं? सरकारचंच ना? शक्कर वाढन म्हनून सांगितले अकरा."

मी विचारलं, "मग वरचे सहा कोण?"

तिनं बोटांवर मोजले. दोन लेकी, राजेगावच्या पलीकडे महाराष्ट्रात दिलेल्या. त्यांची तीन पोरं. आणि नवरा, जो आठ वर्षांपूर्वी वारला होता.

"आजी, मेलेला माणूस साखर खात नाही."

"जित्ता होता तवा लय खाये," ती म्हणाली. "त्याले काहून सोडू मी? सनावाराले पान वाढतोच ना त्याचं."

 तिच्या हिशेबात खोटं किती आणि खरं किती, हे मला वेगळं करता येईना. त्या बाजेवर बसून वेबरचा तो कधी न शिकवलेला धडा मला पहिल्यांदा कळला, आणि तोही चहा पिताना.

मग ललितानं एकटीनं पुन्हा पाहणी केली. कोणती चूल कुणाची हे तिनं घरोघरी बसून विचारलं आणि घरात नसलेली पण मनात धरलेली माणसं वेगळी मांडली. लेख कॉलेजच्या मासिकासाठी तयार झाला तेव्हा प्राचार्य म्हणाले, तुमचं नाव आधी घाला. मला सांगायला आवडलं असतं की मी तत्काळ नकार दिला. तसं झालं नाही. तीन दिवस माझं नाव वर होतं आणि मी तो कागद रोज एकदा काढून पाहत असे. चौथ्या दिवशी खोडलं. लेख ललिताच्या एकटीच्या नावानं छापून आला.

ती बी.ए. झाली तेव्हा पुनाराम माझ्या घरी आले. मुलीला एम.ए.साठी सागरला पाठवावं, असा माझा आग्रह होता. ते खुर्चीच्या काठावर बसले.

"मास्तर, हे समाजशास्त्र शिकून होते काय?"

माझ्याजवळ या प्रश्नावर पाऊण तासाचं व्याख्यान तयार होतं. मी घसा साफ केला.

"नाही, तुमी शिकले ना," ते म्हणाले, "तुमचं काय झालं?"

"मी? मी मास्तर झालो."

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं, मग भिंतीवरच्या माझ्या पदवीकडे, मग पुन्हा माझ्याकडे.

"पोरगी तुमच्याहून हुशार आहे म्हन्ते सारे."

"आहे," मी म्हणालो.

"मंग पाठवतो," ते उठत म्हणाले, आणि जुलैत ललिता सागरला गेली.