भुरीबाईची रडण्याची शिकवणी

भुरीबाईसारखं रडायला शिकवणारी बाई दारव्ह्याच्या अख्ख्या मुलखात नव्हती. बंजाऱ्यांच्या तांड्यात मुलीचं लग्न ठरलं की तिला ढावलो शिकावा लागतो. म्हणजे माहेर सोडताना नवरीनं एकेकाच्या गळ्यात पडून, सुरात, शब्द जुळवून रडायचं. जिला हे साधत नाही तिच्या आईला लोक नावं ठेवतात, आणि भुरीबाईच्या हाताखालून गेलेल्या एकाही पोरीच्या आईला आजवर कुणी नावं ठेवली नव्हती. म्हातारीला या गोष्टीचा भारी तोरा होता.

साठ-एकसष्टचं साल असेल. कापूस घरात आला होता आणि धनीचं लग्न तोंडावर होतं. धनी सोळा वर्षांची, गळ्यानं गोड, पण रडण्यात अगदी ढ. सूर लावता लावता फिसकन हसायची, की बाकीच्या पोरीही हसायला मोकळ्या. भुरीबाईनं कपाळावर हात मारून घेतला होता. आणि एका दुपारी तीच धनी अशी रडायला लागली की सगळ्या गप्प झाल्या. भुरीबाई आधी हरखली, मग चपापली. सूर सुटत होता, शब्द मधेच तुटत होते. हे शिकवलेलं रडू नव्हे, एवढं तिच्या कानाला लगेच कळलं. तिनं इतर पोरींना पाण्याला पिटाळलं.

धनी गोधडीत तोंड खुपसून सांगू लागली. तिची पाळी कधी दोन महिन्यांनी यायची, कधी तीन. भावजयीनं सांगून ठेवलं होतं की अशा पोरीला लेकरू होत नाही आणि सासरचे तिला आणून सोडतात.

"याडी, मले आनून सोडतीन का?" तिनं विचारलं. याडी म्हणजे आई. तांड्यातल्या साऱ्या पोरी भुरीबाईला याडीच म्हणत.

भुरीबाईला उत्तर माहीत नव्हतं, आणि लेकीसारख्या पोरीला थाप मारायला तिची जीभ रेटेना. फार वाईट वाटलं तिला.

उत्तर देणारी बाई जवळच होती. नाल्यापलीकडच्या गावात सरकारी दवाखाना निघाला होता आणि तिथं मथुराबाई नावाची नर्स आली होती. आर्णीकडची, नुकत्याच बौद्ध झालेल्या घरातली, हसतमुख बाई. पण तिच्यापर्यंत पोचायचं म्हणजे चावडीसमोरून जायचं आणि खिडकीतल्या कंपाउंडरला आपलं दुखणं सांगायचं. कंपाउंडर कानानं अधू, त्यामुळे दुखणं आधी चावडीला कळे, मग नर्सबाईला. लग्न ठरलेली पोर त्या खिडकीशी दिसली असती तर दिवस मावळायच्या आत सोयरीक मोडली असती. मथुराबाई एकदा स्वतः तांड्यात येऊन गेली होती. पण तिच्याभोवती म्हाताऱ्यांनीच कोंडाळं केलं, आणि पोरी कुडाआडून नुसत्या बघत राहिल्या.

भुरीबाईनं रात्रभर डोकं चालवलं आणि सकाळी तिला वाट दिसली. रडणाऱ्या नवरीला का रडतेस असं कुणी विचारत नाही. बापेमाणसं तर मान फिरवून बसतात. मग नवरी नर्सबाईच्या गळ्यात पडून का रडू नये?

धनीची ओढणी हनुवटीपर्यंत ओढून, दोन मैत्रिणी दोन बाजूंना देऊन ती निघाली. नाला ओलांडताच तिघींनी गळा काढला. तांड्याचा नायक लालसिंग नेमका कामासाठी चावडीवर आला होता. लग्नाला अवकाश असताना आतापासूनच हे काय, असं त्यानं विचारलं.

"नर्सबाईच्या गळ्यात पडाले आनली," भुरीबाई म्हणाली. "उद्या बाळंतपनाले तेच येईन ना?"

चावडीवरचा एक जण नर्सबाईच्या जातीवरून काही पुटपुटला. भुरीबाईनं पोरींना खूण केली, त्यांनी आवाज आणखी चढवला, आणि त्या कल्लोळात त्याचं पुढचं बोलणं वाहून गेलं. कंपाउंडरनं तोंड उघडेपर्यंत म्हातारी धनीला घेऊन आतल्या खोलीत पोचलीसुद्धा.

मैत्रिणी दाराबाहेर रडत राहिल्या, म्हणजे आतलं बाहेर ऐकू जायला नको. धनीनं मथुराबाईच्या गळ्यात पडून जे विचारायचं ते विचारलं. बाई क्षणभर गांगरली, मग तिनं दार लोटलं, धनीला जवळ बसवलं, पाळी कधी सुरू झाली, दुखतं किती, सगळं हळू आवाजात विचारलं आणि डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली.

"रगत कमी हाय, गोळ्या देतो. बाकी तुह्या वयात असं होते, पोरी. अंगाले ताल धराले काई सालं लागतात. लेकरू होत नाई म्हनून कोनं सांगतलं तुले? उलट घाई करू नोको. नवऱ्याले घेऊन ये, दोघाईले सांगीन."

धनी ऐकत होती ती हसायलाच लागली. भुरीबाईनं चिमटा काढला, दुसरा काढला, पण पोरीला रडू येईना. परतताना ओढणीआड तिचे खांदे गदगदत होते ते हसण्यानं, आणि ऐन चावडीसमोर ओढणी घसरली. लालसिंगनं तिचे दात बघितले.

धनीचं लग्न झालं, निघताना ती नीट सुरात रडली, आणि पुढच्याच महिन्यात नवऱ्याला घेऊन मथुराबाईकडे जाऊनही आली. मग भुरीबाईकडे पोरींची रीघ लागली. सोयरीकही न ठरलेल्या पोरी रडायला शिकायचं म्हणत होत्या, आणि दर बाजाराच्या दिवशी एक घोळका गळा काढत दवाखान्याकडे निघत होता.

एका संध्याकाळी लालसिंग भुरीबाईच्या दारात येऊन बसला. नायकाच्या एका शब्दानं सगळं बंद पडलं असतं. तो आधी कापसाच्या भावाचं बोलला, मग बैलांचं बोलला. मग खाली बघत म्हणाला, "धनी तवा हासत होती. म्या पाहिलं."

"लेकरू हाय. हासली," भुरीबाई म्हणाली.

"माही सून चुलीपाशी बसून रडते. मले सांगत नाई, सासूले सांगत नाई. पंधरा वर्साची पोर. तिले ने त्या बाईकडं. अन् रस्त्यानं रडवू नोको. हासत ने. कोन काय म्हनते ते चावडीवर बसून मी पाहतो."