चार पावलांवरचा बाक

मित्रांनो, गाडीत गॅस भरताना आतल्या सगळ्यांनी खाली उतरायचे असते. म्हापशाच्या वाटेवरच्या गॅसपंपावर अशी उतरलेली माणसे माझ्यावर बसतात. मी एक जुना लोखंडी बाक. इतक्या साध्या आयुष्यात तुम्हाला सांगण्याजोगे काही आहे का, याची मला खात्री नाही. तरी सांगून बघतो.

डिचोलीच्या पांडुरंगने मला घडवले. खाणीवरचा एक ट्रक मोडीत निघाला होता, त्याच्या पट्ट्या कापून त्याने माझी बैठक आणि पाठ जोडली. गॅस कंपनीने मला हिरवा रंग देऊन पाठीवर लिहिले, ‘तुम्ही बसा, गॅस आम्ही भरतो.’

तेव्हा गॅसवरच्या गाड्यांना लोक घाबरत. म्हणून कंपनीने पेडण्यात मेळावा भरवला. नमुन्याच्या रिक्षाशेजारी मलाही मांडले होते. प्रवीण नावाचा तरुण अधिकारी लोकांच्या शंका फेडत होता. लाटंबार्से गावचे रिक्षावाले शिवदास आपल्या बायकोला, सुमंगलाला, घेऊन आले. तिची मूत्रपिंडे निकामी झाली होती. रक्त शुद्ध करून घ्यायला आठवड्यातून तीनदा तिला म्हापशाच्या इस्पितळात न्यावे लागे, आणि पेट्रोलवर तेवढ्या फेऱ्या झेपत नव्हत्या.

ती माझ्यावर टेकली आणि म्हणाली, “उतराचा लागता म्हणतास. पण माका उभी रवाक जमणा नाय.”

प्रवीणने माझ्या पाठीवर थाप मारली. “मामी, हा बाक गाडीपासून चार पावलांवर असेल. शब्द देतो.”

तिने मान हलवली, तेव्हा शिवदासांनी गॅसची रिक्षा घेतली. माझ्या भरवशावर घेतली, असे मला वाटते. कदाचित तो माझा गैरसमजही असेल.

मला पंपावर, गॅस भरायच्या यंत्रापासून चार पावलांवर ठेवले, आणि पुढची दोन वर्षे माझी सुखाची होती. इस्पितळातून परतताना सुमंगला माझ्यावर बसे आणि पंपावर गॅस भरणाऱ्या क्षमाला चिडवी, “ह्या गॅसाक माझी लाज वाटता काय गो? मी उतरल्याशिवाय आत शिरणा नाय!”

“नियम आसा मामी. गॅस फुटलो तर?”

“फुटांदे. सुयांतून तरी सुटतलंय!”

शिवदास रागावून दुसरीकडे बघत, आणि त्या दोघी हसत.

कंपनीने मेळाव्यांमागून मेळावे घेतले. गाड्या वाढल्या. रांग रस्त्यावर जाऊ लागली, म्हणून पंपावर दुसरे यंत्र बसवले. त्याच्या वाटेत मी येत होतो. मला उचलून मागे यंत्रघराच्या भिंतीआड टाकले, आणि माझ्या जागेच्या कडेला हसऱ्या कुटुंबाचे चित्र असलेली मोठी कमान उभी राहिली. प्रवीणची तोवर मडगावला बदली झाली होती. क्षमाने मला दोनदा ओढत पुढे आणले. दोन्ही वेळा व्यवस्थापकाने परत पाठवले. “वाट अडते,” तो म्हणाला. अडत होतीच. मी काय बोलणार?

एके दुपारी गॅस घेऊन येणारा ट्रक उशिरा आला. रांग हलेना. शेवटी शिवदासांची पाळी आली आणि सुमंगला उतरली. तिने इकडेतिकडे पाहिले.

“बसूक खंय गो, क्षमा?”

क्षमाने तिला आपल्या खांद्याचा आधार दिला. तरी ती हळूहळू खाली सरकली आणि तापलेल्या सिमेंटवर बसली. शिवदासांनी टॉवेल पसरून तिच्यावर सावली धरली. “चल, घराक जाव. गॅस नको, काय नको.”

“गॅस नाय तर घराक कशी पोचतलंय?” ती म्हणाली. त्या वेळी ती हसली नाही.

हे सगळे मी भिंतीआडून पाहिले. मला पाय आहेत, पण चालता येत नाही.

तीन महिन्यांनी ती वारली. आजार जुनाच होता. जागा हलवल्यामुळे ती गेली असे मी म्हणणार नाही, ते खरे ठरणार नाही. पण त्या तीन महिन्यांत प्रत्येक वेळी ती इथे उभी राहिली, हे खरे आहे.

पावसाळ्यानंतर प्रवीण पंप पाहायला आला. त्याने शिवदासांना लगेच ओळखले. “मामी कुठे आहेत?”

“उभी रवान रवान दमली, साहेबानू.”

 प्रवीणने कमानीकडे पाहिले, मग मला शोधत मागे आला. त्याने एक बाजू धरली, क्षमाने दुसरी, आणि मला पुन्हा यंत्राजवळ आणून ठेवले. कमान थोडी सरकवली, तेव्हा वाट अडली नाही. इतके सोपे होते.

मित्रांनो, कुणाला बोलावताना दिलेला शब्द गर्दी वाढल्यावरही सांभाळा, एवढेच मला सांगायचे आहे. आता इब्रामपूरच्या म्हाताऱ्या, लेकुरवाळ्या बाया माझ्यावर बसतात. शिवदास मात्र बसत नाहीत. मी समोर रिकामा असतो, आणि ते गॅस भरून होईपर्यंत उन्हात उभे राहतात. त्यांना ‘बसा’ म्हणायला मला तोंड नाही. तुम्ही कधी त्या रांगेत असलात, तर तुम्ही म्हणा.