तिसऱ्या पदाला तुटणारा आवाज

सासूबाईंच्या गाण्याला दृष्ट लागली, असं हॉलमधल्या बायका म्हणू लागल्या होत्या. सुनेला ते पटत नव्हतं. पण त्याच्याऐवजी पटेल असं दुसरं कारणही तिच्यापाशी नव्हतं, आणि खरी पंचाईत तिथेच होती.

वस्ती उतारावर. सासूबाईंचं घर अगदी वरच्या टोकाला आणि प्रार्थनेचा हॉल पार खाली, रस्त्याला लागून. दिवेलागणीला त्या हॉलमध्ये उभ्या राहायच्या आणि गात गात प्रवचन करायच्या. आधी एक पद, मग त्याचा अर्थ, मध्ये एखादी गोष्ट, गोष्टीतून एक कोपरखळी आणि कोपरखळीतून अलगद पुढचं पद. माणसं हसता हसता डोळे पुसायची. असं सारं आयुष्य गेलं. मग एके दिवशी पायरीवरून घसरल्या, खुब्याचं हाड मोडलं आणि त्या वर, ऐकणारी माणसं खाली राहिली.

त्यांना पुन्हा हॉलमध्ये नेलं ते सुनेने, पण देहाने नाही, आवाजाने. वस्तीत इंटरनेटची केबल आली नव्हती, म्हणून वस्तीच्या समितीने घरोघर एकेक पांढरी डबी दिली होती. साबणाच्या वडीएवढी डबी छपरावर बसवायची. ती शेजारच्या डबीशी बोलते, शेजारची तिच्या शेजारणीशी, असं करत करत निरोप खाली हॉलच्या डबीपर्यंत जातो आणि तिथून बाहेरच्या जगात. या डब्यांची देखभाल सुनेकडे होती. वस्ती तिला डबीवहिनी म्हणायची. शिडी, पक्कड आणि मोबाइल, एवढ्यावर तिचा संसार चालायचा, असं तिचा नवरा म्हणे. नवरा शिंपी होता आणि त्याचा स्वतःचा संसार कात्रीवर चालायचा, म्हणून त्याला बोलायला जागा होती.

"आधी मला सांग," पहिल्या दिवशी सासूबाईंनी पलंगावर बसल्या बसल्या विचारलं होतं, "माझा आवाज नेमका कोणत्या वाटेने जाणार?"

"ते आधी सांगता येत नाही, आई."

"म्हणजे? तूच तर बसवलंस ना सगळं?"

"डब्या मी बसवल्या. वाट त्या आपली आपण शोधतात. प्रत्येक डबी शेजारणीला विचारते, बाई, हॉलच्या जवळ तू की मी? जी जवळ असेल तिच्या हातात निरोप देते. एखादी बंद पडली तर दुसरीकडून."

"पूर्ण वाट कुणाला माहीत असते?"

"कुणालाच नाही. प्रत्येकीला फक्त पुढची शेजारीण माहीत."

सासूबाई हसल्या. "अगं, मी जन्मभर दुसरं काय गात आले? चल, लाव तुझा माइक."

आणि खरंच आवाज खाली गेला. हॉलची राखण करणारे घंटीकाका नेहमीसारखी घंटा वाजवायचे, माणसं सतरंजीवर बसायची आणि भिंतीवरच्या स्पीकरमधून सासूबाई बोलू लागायच्या. कुणी जांभई दिली असेल तर ते वरून दिसत नसलं, तरी त्या अंदाजाने टोमणा मारायच्या आणि तो कुणाला तरी लागायचाच.

मग आवाज तुटू लागला.

पहिलं पद व्हायचं, दुसरं व्हायचं आणि तिसऱ्याला सुरुवात झाली की खरखर. मग नुसती शांतता. बराच वेळ माणसं स्पीकरकडे बघत बसायची, मग गुडघ्यावर हात टेकत उठायची. वर सासूबाईंना यातलं काहीच कळायचं नाही. त्या रिकाम्या सतरंजीला शेवटपर्यंत सगळं सांगून मोकळ्या व्हायच्या आणि सुनेला विचारायच्या, "आज हसले का गं?"

बरं, रोज तुटावं तर तेही नाही. मधूनच एखाद्या संध्याकाळी आवाज शेवटपर्यंत असा स्वच्छ यायचा की जणू काही घडलंच नव्हतं. सून दुसऱ्या दिवशी निर्धास्त व्हावी आणि तिसऱ्या पदाला पुन्हा तेच.

तिने काय काय केलं नाही? वायरी बदलल्या. माइक बदलला. पीठगिरणीच्या मोटारीवर संशय घेतला आणि गिरणीवाल्याशी दोन दिवस अबोला धरला. गिरणी बंद असतानाही आवाज तुटला, तेव्हा निमूटपणे दळण घेऊन गेली. मधल्या गल्लीतल्या म्हातारीची पत्र्याची टाकी आड येते म्हणून ती हलवायला लावली. टाकी हलली, म्हातारी चिडली, आवाज होता तसाच. चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायची, तीही रोज नव्या संन्याशाला, असं चाललं होतं.

"तुझी डबी तिसऱ्या पदाला कंटाळते," नवरा कापडावर खडू ओढत म्हणाला.

"तुम्हाला विनोद सुचतोय. काका काय म्हणाले ऐकलंत ना?"

त्याने खडू खाली ठेवला. ऐकलं होतं. घंटीकाका सकाळी दुकानात येऊन गेले होते. माणूस वाईट नव्हता. सांगतानाही त्यांची नजर शिलाई मशीनवरच होती. लोक येईनासे झालेत, म्हणाले. शनिवारपर्यंत बघू, नाहीतर रविवारपासून ध्वनिमुद्रित प्रवचनं लावू. कुणाची तरी, कुठली तरी. तुटणार तरी नाहीत.

"आईला सांगितलंस?"

"काय सांगू? की तुमचं तिसऱ्या पदापुढचं कुणालाच ऐकू जात नाही?"

सासूबाईंचं दुखणं हाडाचं होतं. पण औषध गाण्याचं होतं, हे दोघांनाही ठाऊक होतं.

गुरुवारी संध्याकाळी सुनेने ठरवलं की आज छपरावर चढायचं नाही, मोबाइल हातात धरून चालायचं. मोबाइलवर कोणती डबी किती जोरात बोलते ते दिसायचं. वस्तीच्या मधोमध, सार्वजनिक नळापाशी, ती येऊन थांबली आणि बुचकळ्यात पडली. इथे सगळ्यांत दणदणीत बोलणारी एक डबी होती. वरच्या सगळ्या डब्या तिच्याच हाती निरोप सोपवत होत्या. पण आजूबाजूला घर होतं कुठे? एका बाजूला नळ, एका बाजूला भिंत आणि भिंतीच्या आडोशाला धारवाला आपली हातगाडी लावून कुणाची तरी कात्री चाकावर धरून बसलेला.

"वहिनी, काही हरवलं का?" त्याने विचारलं.

"हो. डबी."

"पडली?"

"नाही. सापडलीय, पण कुठे आहे ते कळत नाही."

धारवाल्याने मान डोलावली, जसं हे रोजचंच आहे. भला माणूस. भिंतीमागच्या एका खोलीत एकटाच राहायचा.

खाली घंटा वाजली. प्रवचन सुरू झालं असणार. धारवाल्याने कात्री पुसली, ज्याची त्याला दिली, चाकू फडक्यात गुंडाळले आणि आवराआवर करू लागला. सुनेचं तिकडे लक्ष नव्हतं. ती डोळे बारीक करून भिंत बघत होती, नळ बघत होती. एकदा तर नळाच्या तोटीखालीही वाकून बघितलं. आणि बघता बघता मोबाइलवरचा तो दणदणीत सिग्नल कमी होऊ लागला.

डबी जागची हलत होती.

ती चार पावलं खाली गेली, सिग्नल वाढला. थांबली, पुन्हा कमी. घर चालत नाही, छप्पर चालत नाही, मग हे चालतंय काय? मोबाइलवर नजर खिळवून ती उतार उतरू लागली. वाटेत एका बाईने "काय गं, जेवलीस का?" विचारलं त्याला तिने "उजवीकडे" असं उत्तर दिलं. वळण आलं, पायऱ्या आल्या आणि शेवटी सिग्नल याहून वाढणार नाही अशा जागी ती उभी राहिली तर समोर हॉलचं दार.

आत स्पीकर खरखरला. सासूबाईंचं तिसरं पद पहिल्याच ओळीत बुडालं.

सुनेने मान वर केली. दाराबाहेर चपलांचा ढीग होता. ढिगाशेजारी धारवाल्याची हातगाडी. गाडीच्या छताला, कंदिलाच्या खिळ्यावर, पांढरी डबी लटकत होती, गाडीच्या बॅटरीला नीट जोडलेली.

"ही कुणी दिली तुम्हाला?" दारापाशी बसलेल्या धारवाल्याला तिने बाहेर बोलावून विचारलं.

"शिंपीदादांनी दिली की. म्हणाले, एक जादा आहे, घे, परगावच्या मुलीशी बोलत जा. खोलीचा मालक भिंतीला खिळा मारू देईना, म्हणून गाडीला लावली." तो आत डोकावला आणि हळहळला. "बघा ना, आजही तुटलं. मी रोज घंटा झाली की धावत येतो, वहिनी. येऊन टेकतो न टेकतो तोच बंद. माझंच नशीब फुटकं."

सुनेला हसावं की रडावं कळेना. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तो कळसा तिच्या नवऱ्याने काखेत ठेवला होता आणि विसरला होता. दुपारभर गाडी नळापाशी उभी, म्हणून वरच्या डब्यांची खात्री पटायची, हीच आपली पक्की शेजारीण. घंटा व्हायची, दोन पदांत सामान आवरून शेजारीण निघून जायची. आणि बिचाऱ्या डब्या ती अजून तिथेच आहे असं समजून रिकाम्या जागेच्या ओंजळीत सासूबाईंचे शब्द टाकत राहायच्या. ती गेल्याचं कळून दुसरी वाट धरेपर्यंत माणसं उठून गेलेली असत. धारवाला परगावी गेला की डब्या आधीपासूनच लांबच्या वाटेने जात आणि त्या दिवशी काहीच तुटत नसे.

तिने हे सगळं त्याला जमेल तसं सांगितलं. तो ऐकता ऐकता खाली बसला, चपलांच्या शेजारी.

"म्हणजे वहिनी, मी ऐकायला येतो म्हणून तुटतं?"

"तुम्ही नाही हो. गाडी."

"गाडी काय आपल्या मनाने येते?" तो म्हणाला.

वर येऊन तिने नवऱ्याला फैलावर घेतलं. त्याने कान पकडले, आणि मग हळूच म्हणाला, "स्वतःचं घर नाही म्हणून डबी द्यायची नाही, असं तर तूही म्हणाली नसतीस." ती म्हणाली नसती, म्हणून आणखी चिडली.

आता सासूबाईंना सांगणं भागच होतं. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं, रिकाम्या सतरंजीचंसुद्धा. बोटाने चादरीची सुरकुती सरळ केली.

"मग तू काय ठरवलंस?"

"त्यांना सांगितलंय, शनिवारी गाडी नळापासून हलवायची नाही. संपेपर्यंत."

"आणि त्याने ऐकायचं कधी?"

सून गडबडली. हा हिशेब तिच्या डोक्यातच आला नव्हता.

"सगळ्या हॉलमध्ये धावत येणारा एकच," सासूबाई म्हणाल्या, "आणि त्यालाच वाटेत बसवलंस. असलं प्रवचन मला करायचं नाही, सूनबाई. लावू देत रविवारपासून दुसऱ्या कुणाचं."

सासूबाई हट्टाला पेटल्या की पेटल्या. शेवटी तोड काढली ती शिंप्याने: दुकानातला छोटा स्पीकर गाडीच्या डबीला जोडून दिला. झाल्या प्रकाराची भरपाई म्हणून गाडीच्या छताला झालरही शिवली, कुणी मागितली नसताना.

शनिवारी घंटा झाली तेव्हा सून नळापाशी होती. धारवाला चाक थांबवून, हात धुऊन, गाडीच्या दांड्याला टेकून बसला होता. स्पीकरमधून पहिलं पद आलं. पाणी भरणाऱ्या दोघी-तिघी भांडी खाली ठेवून थांबल्या. दुसरं पद आलं. धारवाल्याने दोन्ही हातांनी गाडीचं चाक घट्ट धरलं, जणू ते आपणहून उतारावर पळेल.

मग तिसरं. 'पुढच्या पायरीपुरता दिवा दे, बाकीचा अंधार तुझाच आहे.' ओळ पुरी झाली. पुन्हा आली. पुढे सरकली. खालून हॉलमधला हशा उतारावर ऐकू आला, म्हणजे कुणाला तरी टोमणा लागला होता.

"वहिनी," धारवाला कुजबुजला, "म्हणजे आत्ता ते आधी माझ्याकडे येतंय आणि मग हॉलला जातंय?"

तिने कुतूहलाने मोबाइल बघितला आणि तिचं डोकं पुन्हा चक्रावलं. आवाज त्याच्या डबीवरून खाली जातच नव्हता. त्याची डबी नुसती ऐकत होती. वरच्या डब्यांनी आज गिरणीवरून, म्हातारीच्या टाकीवरून, भलत्याच लांबच्या वाटेने शब्द खाली पोचवले होते. का, ते तिला कळेना. झालरीने आडकाठी केली, की स्पीकर जोडला म्हणून, की रोजच्या दग्याने डब्या शहाण्या झाल्या? तिने मोबाइल उलटा करून बघितला, सुलटा करून बघितला. खोटं बोलून त्याला खूश करावं असं क्षणभर मनात आलं. पण वर सासूबाई गात असताना जीभ वळेना.

"आत्ता तरी नाही हो, दादा. दुसरीकडूनच जातंय. का ते मला समजत नाही. तुम्हाला खाली जायचं असेल तर जा. बहुतेक तुटणार नाही."

"बहुतेक," तो म्हणाला.

त्याने उताराकडे पाहिलं, हॉलच्या उजेडाकडे पाहिलं. मग चाकामागे दगड लावला आणि होता तिथेच नीट मांडी घालून बसला.

"मी बसतोच, वहिनी. मध्येच त्या डब्यांना माझ्या वाटेची गरज लागली तर?"

चौथं पद सुरू झालं. सुनेने मोबाइल पदराच्या गाठीशी खोचला आणि पाण्याच्या भांड्यांच्या कडेने, त्याच्या शेजारी, तीही बसली.