न चाखलेला नैवेद्य

दयामयी कालीच्या देवळात अमावस्येची पाळी घोषालांची, आणि त्या दिवशीचा खिचडीचा नैवेद्य नीरदबाला घोषालांच्या हातचा. नवी नवरी होत्या तेव्हापासून त्याच रांधत आल्या होत्या. गल्लीत कुणाची खिचडी बिघडली की लोक म्हणायचे, "जा, नीरदाकाकींच्या चुलीसमोर बसून ये जरा!"

नैवेद्य चाखायचा नाही, हे कुणीही सांगेल. पण या देवळात त्याचा वासही घ्यायचा नाही. वास घेतला म्हणजे अर्धं उष्टं झालं. तोंडाला फडकं बांधायचं, बोलायचं नाही, आणि मीठ टाकायचं ते नुसत्या हाताच्या अंदाजानं. वर नीरदबाला विधवा. अमावस्येला त्यांना अन्न वर्ज्य, फळांवर दिवस काढायचा. म्हणजे स्वतःच्या हातची ती नावाजलेली खिचडी त्यांनी कित्येक वर्षांत तोंडात घातली नव्हती.

दुर्गापूजेपासून तो हात विसरायला लागला होता. एका अमावस्येला खिचडी अळणी, दुसऱ्या अमावस्येला खारट. सून सुतपा ती खात होती, म्हणून तिला कळलं. सगळ्या गल्लीलाच कळलं होतं म्हणा, पण प्रसादाला नाव ठेवायची कुणाची छाती आहे? सुतपानं नवऱ्यापाशी विषय काढला तर प्रबीर म्हणाला, "गप्प बस बाई. आईच्या हातातली पळी काढलीस तर आईपाशी मागे काय उरेल?"

हे त्याचं खरंच होतं. म्हणून सुतपा गप्प बसली होती आणि स्वतःवरच चिडली होती. सासूची चूल हिसकावायला टपलेली सून, असं म्हणायला जग तयारच असतं.

पौषातल्या अमावस्येला तिनं डोळ्यांनी पाहिलं. सासूबाईंनी मूठभर मीठ घातलं, डाळ ढवळली, पळी ठेवली, आणि पुन्हा मिठाच्या मडक्यात हात घातला. सुतपाचा हात पुढे झाला, पण तोवर दुसरी मूठ पडली होती. सासूबाई लाकडं सारायला वाकल्या तशी तिनं कळशीतलं पाणी भसकन हंड्यात ओतलं.

नीरदबालांनी वळून पाहिलं. तोंडावरचं फडकं खाली ओढून त्या या स्वयंपाकघरात कधी नव्हे ते बोलल्या, "काय चाललंय, सूनबाई?"

"खाली लागत होती, आई."

"माझी खिचडी? लागत होती?" त्यांनी फडकं पुन्हा वर बांधलं.

नैवेद्य दाखवून झाला. गाभाऱ्याचं दार लागलं, आणि अंगणात पंगत बसली. एरवी नीरदबाला घरी निघून जायच्या. आज त्या पानांवरून नजर फिरवत चालत राहिल्या. फुलांचं दुकान चालवणारा हाबुल पाण्याचा दुसरा पेला संपवत होता. त्याच्या समोर त्या थांबल्या.

"काय रे हाबुल, कशी झालीय?"

"काय काकी! प्रसादाला कधी कसा म्हणून विचारतात का?"

हसला तो. पण त्याच्या पानाच्या कडेला, चटणीच्या आडोशाला, खिचडी दडपलेली होती. शेजारच्या पानावरही तेच. नीरदबालांनी एक रिकामी पत्रावळ उचलली आणि सरळ पंगतीत मांडी घातली.

"आई, आज अमावस्या आहे!" प्रबीर धावत आला.

"मला माहीत आहे. वाढ, सूनबाई."

सुतपानं वाढलं. नीरदबालांनी पहिला घास घेतला, मग दुसरा. चेहरा जराही हलला नाही. पान पुसून घेतल्यासारखं स्वच्छ झालं तेव्हा कुठे त्यांनी मान वर केली. अख्खी पंगत हात आखडून बसली होती.

"कधीपासून?"

प्रबीरनं आभाळाकडे पाहिलं, हाबुलनं पेल्यात. सुतपाला रडू कोसळलं. "दुर्गापूजेपासून, आई. मी सांगायला हवं होतं. जीभच रेटली नाही हो."

"आम्हाला तुमचं मन मोडायचं नव्हतं, काकी," हाबुल पुटपुटला.

"माझं मन!" नीरदबाला ताडकन उठल्या. "बरं, मला सांभाळलंत. पान आवडलं नाही तर तुम्हाला पाणी मागता येतं, लपवता येतं, घरी जाऊन दुसरं खाता येतं. आणि ती?" त्यांनी गाभाऱ्याकडे बोट केलं. "तिला मी इतके महिने हे खाऊ घातलं. तिनं कुणाला सांगायचं होतं?"

त्यांनी कळशीतून तांब्या भरला आणि पायऱ्या चढल्या. दार बंदच होतं; देवीची दुपारची झोप झाल्याशिवाय ते उघडत नाही. त्या उंबऱ्याशी तांब्या घेऊन बसून राहिल्या.