उजवीकडचा दुसरा घाव

हिवाळा लागतानाच आमच्या ह्यांनी हाताखाली शिकणाऱ्या शिहोला सांगून टाकलं होतं, "हे धनुष्य तू एकटीनं करायचं. नीट निघालं तर त्यावर माझा शिक्का बसेल आणि पुढे हा कारखाना तुझा. वाकडं निघालं तर बॅग भर. मग मीही कारखान्याची चूल विझवतो."

झालं! मियाकोनोजो शहरात धनुष्यं करणारी घरं आता बोटांवर मोजण्याइतकी उरली आहेत, त्यातलं आमचं बोट असं टांगणीला लागलं. ह्यांचं नाव कुवाहाता तेइझो, आणि हट्टीपणात त्यांना अख्ख्या क्यूशू बेटावर जोड नाही. शिहो किनाऱ्याकडची, कोळ्याची मुलगी. बाप अजून फोनवर विचारतो, बांबू तासून कुणाचं पोट भरतं का म्हणून. पोरगी खाली मान घालून काम करते. मला ती आवडते, हे लपवण्यात अर्थ नाही.

आमच्याकडे शिकवत नाहीत. शिकणाऱ्यानं बघायचं आणि उचलायचं. पहिल्या वर्षी शिहोनं काहीतरी विचारलं, तर हे म्हणाले, "डोळे गहाण टाकलेस काय?" त्यानंतर तिनं तोंडातून ब्र काढला नाही.

पाचरी ठोकायच्या दिवशी थंडी कडक होती. गोंद ऊन ठेवायचं काम माझं. शिहोनं बांबूच्या पट्ट्यांना गोंद लावला, त्या एकावर एक बसवल्या आणि टोकापासून टोकापर्यंत दोर गुंडाळून आवळला. आता दोराखाली पाचरी ठोकायच्या, एक डावीकडे, एक उजवीकडे, की सरळ काठी हळूहळू वाक घेते. गोंद आळायच्या आत सगळं उरकायचं, आणि तोवर कुणी बोलायचं नाही. हे भिंतीकडे तोंड करून बसले. म्हणे, बघितलं तर हात शिवशिवतात.

ठक. ठक-ठक. ठक. ठक-ठक.

डावीकडे एक घाव, उजवीकडे दोन. माझ्या हातातली पळी तिथंच थांबली.

तो दुसरा घाव धनुष्याचा नव्हताच! बांबू तोडताना हे उतारावरून पडले, तेव्हापासून त्यांचा उजवा हात खांद्याच्या वर जात नाही. उजवीकडची पाचर एका घावात बसत नाही, म्हणून ते दुसरा मारतात. गिऱ्हाइकांना पत्ता नाही, शिहोला तर नाहीच. झाकली मूठ. रात्री त्या खांद्याला तेल चोळते ती मी, म्हणून मला माहीत. आणि ही पोरगी धडधाकट खांद्यानं तो घाव इमानदारीत मारत होती!

बोलावं तर ह्यांची अब्रू जाते, गप्प बसावं तर पोरगी जाते. मी ह्यांच्याकडे बघितलं. वाटलं, ह्यांना तरी ऐकू येईल. तर हे डोळे मिटून मान डोलवत होते! त्यांना वाटलं, पोरीनं आपली पद्धत हुबेहूब उचलली. मी इतकी घाबरले, की गोंद तळाला लागला तरी कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी दोर सोडला. तिघांनी जोर लावून धनुष्य उलटं वाकवलं आणि प्रत्यंचा चढवली. ती मुठीच्या जरा उजव्या अंगाला बसायला हवी. बसली डाव्या अंगाला, आणि चांगली ढळढळीत. ह्यांनी धनुष्य जमिनीवर टेकवून पायानं दाबलं. पाय काढला की जादा घावांनी आलेला पीळ परत येई. पुन्हा दाबलं, पुन्हा आला.

"करवत आण," हे म्हणाले.

आमच्यात बिघडलेलं धनुष्य ज्याचं त्यानंच कापायचं. शिहोनं करवत आणली. "चुकलं कुठं, एवढं तरी सांगा, उस्ताद," ती म्हणाली. "तुमच्यासारखंच तर केलं."

"माझ्यासारखं केलं असतंस तर असं निघालं असतं?"

माझ्या डोक्यात तिडीक गेली.

"तुमच्यासारखंच केलंय तिनं!" मी ओरडले. "डावीकडे एक, उजवीकडे दोन. दुसरा कशाला मारता ते सांगा तिला. नाहीतर मी सांगते!"

"फुजिए, आत जा."

"जात नाही. हात वर करून दाखवा तिला."

ह्यांचा चेहरा असा उतरला, की वाटलं, जीभ झडली असती तर बरं. पण ते उठले. आणि त्यांनी हात वर केला. तो खांद्यापाशी थांबला, थरथरला आणि खाली आला.

"तो घाव ह्याच्यासाठी होता," ते म्हणाले. "धनुष्यासाठी नव्हे."

शिहोनं करवत खाली ठेवली. तिला रडू येईल असं मला वाटलं होतं. पण ती विचारात पडली.

"मग उस्ताद, तुम्ही गुडघा टेकता तो? मुठीजवळ दोर सैल धरता तो? त्यातलं धनुष्यासाठी काय आणि खांद्यासाठी काय?"

हे स्वतःच्या हातांकडे बघत राहिले. इतकी वर्षं संसार केला, पण त्यांना घाबरलेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

"आता मलाही सांगता येत नाही," ते म्हणाले.

मग त्यांनी नव्या पट्ट्या काढल्या आणि शिहोपुढे टाकल्या.

"उद्या मी ठोकतो. तू मला अडवायचं. प्रत्येक घावाला विचारायचं, हा कशाला म्हणून."

"प्रत्येक घावाला? तोवर गोंद आळेल, उस्ताद. सगळं वाया जाईल."

"जाऊ दे वाया," हे म्हणाले.